नॅनोकॉम्पोझिटमध्ये ताकद कुठून येते आणि कुठे हरवते

नॅनोकॉम्पोझिट म्हणजे नॅनोमीटर आकाराचे कण मिसळलेले पॉलिमर (प्लॅस्टिक). त्याबद्दल एका एम.टेक. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ५ टक्के ऑर्गॅनोक्ले (थरांच्या मध्ये सेंद्रिय रेणू बसवलेली चिकणमाती) मिसळून तयार केलेल्या नमुन्यांत एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखावरचे क्लेचे शिखर दिसेनासे झाले, त्यावरून क्लेचे थर सुटे झाले असे मानण्यात आले. तरीही ताणबल जेमतेम वाढले आणि तुटेपर्यंतची लांबण मात्र बरीच घटली. मग शोधनिबंधांत छापलेले घसघशीत आकडे कुठून येतात, या पदार्थांचा उद्योगात खरोखर उपयोग होतो का, आणि एम.टेक.च्या उरलेल्या काळात या विषयावर नेमके काय करावे?

पॉलिमर आणि क्ले यांच्या कंपाउंडिंगमध्ये (वितळवून मिसळण्यात) अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या क्षेत्रातल्या बहुतेक निराशा दोन गोष्टींतून येतात: कण प्रत्यक्षात सुटे झालेले नसतात, किंवा ज्या गुणधर्मासाठी कणांचा आकार उपयोगी पडतो तो गुणधर्म सोडून आपण भलताच गुणधर्म मोजत बसतो. तुमच्या नमुन्यांत मला दोन्ही शक्यता दिसतात.

आधी नॅनो आकाराने काय साधते ते पाहू. गोल कणांचा व्यास १० मायक्रोमीटरवरून १० नॅनोमीटरवर आणला, तर तेवढ्याच भरणात कणांची संख्या अब्जपट आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग हजारपट होतो. आकारमानाने अवघा १ टक्का भरण असले आणि कण एकसारखे पसरलेले असले, तर शेजारच्या दोन कणांमधली मोकळी जागा सुमारे ३० नॅनोमीटर उरते. पॉलिमरच्या एका रेणूच्या वेटोळ्याची त्रिज्या साधारण १० ते २० नॅनोमीटरच्या घरात असते. याचा अर्थ, नीट पसरलेल्या नॅनोकॉम्पोझिटमध्ये कुठल्याही कणाच्या प्रभावापासून दूर राहिलेला पॉलिमर जवळपास उरतच नाही. सगळा फायदा या पृष्ठभागातून येतो. तेच कण गोळा होऊन ५ मायक्रोमीटरचे गुठळे झाले, तर हातात उरतो तो एक महागडा आणि ठिसूळ फिलर, आणि प्रत्येक गुठळी ही तडा सुरू होण्याची जागा ठरते. तुमच्या नमुन्यांची लांबण घटण्याचे पहिले संशयास्पद कारण हेच आहे.

शोधनिबंधांतले आकडे खोटे नाहीत, पण ज्या उदाहरणामुळे हे क्षेत्र नावारूपाला आले ते उदाहरण नीट समजून घ्यावे लागते. जपानमधल्या टोयोटाच्या केंद्रीय संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओकादा, उसुकी, कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉन-६ आणि माँटमोरिलोनाइट क्ले यांचा संकर तयार केला. त्यात क्ले ५ टक्क्यांहूनही कमी होती. तेवढ्यावर मॉड्युलस (कडकपणाचे माप) सुमारे दुप्पट झाले, ताणबल दीडपटीच्या आसपास गेले, आणि भाराखाली पदार्थ वाकू लागण्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून जवळपास १५० अंशांवर पोहोचले. त्या पदार्थाचे टायमिंग बेल्टचे झाकण १९९० च्या सुमारास टोयोटाच्या गाड्यांत बसवले गेले. इंजिनाजवळच्या उष्णतेत टिकणारा आणि वजन फारसे न वाढवणारा भाग एवढ्या थोड्या क्लेने मिळाला, यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या.

आता यातली पद्धत बारकाईने पाहावी, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. माँटमोरिलोनाइटचा एक थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा आणि शंभर ते काहीशे नॅनोमीटर रुंदीचा असतो, आणि असे अनेक थर पापडांच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले असतात. थरांवर ऋणभार असतो आणि तो सोडियमसारखे धन आयन थरांच्या मधल्या फटीत राहून भागवतात. टोयोटाच्या गटाने या सोडियमच्या जागी १२-अमिनोडोडेकॅनोइक आम्लाचे धनभारित रेणू बसवले. या रेणूचे अमाइनचे टोक थराला आयनी बंधाने चिकटते, आणि दुसऱ्या टोकाचा कार्बॉक्सिल गट कॅप्रोलॅक्टमचे (ज्यापासून नायलॉन-६ बनते त्या रेणूचे) वलय उघडून बहुलकीकरण, म्हणजे रेणूंची साखळी जोडणे, सुरू करू शकतो. क्ले आधी वितळलेल्या कॅप्रोलॅक्टममध्ये फुगवली आणि मग सुमारे २५० अंशांना बहुलकीकरण केले. नायलॉनच्या साखळ्या थरांच्या मधल्या फटीतच वाढल्या आणि वाढता वाढता त्यांनी थर एकमेकांपासून दूर ढकलले. म्हणजे इथे तयार पॉलिमरला फटीत शिरावे लागले नाही; तो तिथेच जन्मला, आणि थराशी रासायनिकदृष्ट्या बांधलेला राहिला. शिवाय नायलॉन ध्रुवीय असल्यामुळे क्लेच्या पृष्ठभागाशी त्याचे मुळातच जुळते.

पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत यातले काहीही लागू होत नाही. त्याच्या रेणूत ध्रुवीय गट नाही, त्यामुळे ऑर्गॅनोक्लेवरच्या लांब हायड्रोकार्बन शेपटांशी त्याचे थोडेफार जमले तरी थराच्या सिलिकेट पृष्ठभागाशी जमत नाही. म्हणून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन कॉम्पॅटिबिलायझर (दोघांना जुळवून देणारा पदार्थ) म्हणून घालावे लागते. ते तुम्ही घातले आहे की नाही याचा प्रश्नात उल्लेख नाही. घातले नसेल, तर पुढचे सगळे वाचण्याआधी तेवढा बदल करून पाहावा. घातले असेल, तर एक नियंत्रण नमुना हवाच: पॉलिप्रॉपिलीन आणि कॉम्पॅटिबिलायझर, क्ले नाही, आणि त्याच एक्स्ट्रूडरमधून (पॉलिमर वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) त्याच तापमानाला, त्याच वेगाने काढलेला. या कॉम्पॅटिबिलायझरचे रेणूभार बहुधा मूळ पॉलिमरपेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे तो एकटाच लांबण आणि आघातशक्ती कमी करू शकतो, आणि त्याचा दोष क्लेवर जातो. साध्या, एक्स्ट्रूडरमधून न गेलेल्या पॉलिप्रॉपिलीनशी तुलना करणारे प्रबंध मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांतून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

एक्सआरडीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तांब्याच्या क्ष-किरणांवर सोडियम माँटमोरिलोनाइटचे पहिले शिखर सुमारे ७ अंशांना येते, म्हणजे थरांचे अंतर साधारण १.२ नॅनोमीटर असते. ऑर्गॅनोक्लेमध्ये ते ३ ते ४.५ अंशांच्या दरम्यान सरकते. अंतर ४.५ नॅनोमीटरच्या पुढे गेले, की शिखर २ अंशांच्या खाली जाते, आणि तिथे नेहमीच्या उपकरणावर थेट किरणाच्या झोतात काहीच स्पष्ट दिसत नाही. म्हणून शिखर नाहीसे झाले याचे चार अर्थ होऊ शकतात: थर खरोखर सुटे झाले, अंतर फक्त वाढले आणि शिखर मोजमापाच्या कक्षेबाहेर गेले, थर विस्कळीत झाले पण गठ्ठा तसाच राहिला, किंवा क्लेचे प्रमाण इतके थोडे होते की शिखर पार्श्वभूमीत बुडाले. याउलट, शिखर उजवीकडे सरकले तर ती धोक्याची खूण समजावी. ऑर्गॅनोक्लेवरचा चतुर्थक अमोनियमचा रेणू १८० ते २०० अंशांच्या आसपास हॉफमन विलोपनाने तुटू लागतो, आणि पॉलिप्रॉपिलीन आपण साधारण त्याच तापमानाला, काही वेळा त्याहून वर चालवतो. शेपूट तुटले की फट पुन्हा मिटते. एक्स्ट्रूडरच्या डायपाशी (बाहेर पडण्याच्या तोंडापाशी) माशासारखा अमाइनचा वास येत असेल आणि बाहेर येणारा धागा पिवळसर पडत असेल, तर हे घडते आहे असे समजून तापमान उतरवावे.

थर सुटे झाले की नाही याचा निकाल टीईएमवर (पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) होतो, पण टीईएममध्येही फसगत असते. एका चौकटीत काही मायक्रोमीटरचाच तुकडा दिसतो, आणि संशोधक स्वाभाविकपणे सर्वांत सुंदर चौकट छापतो. कमी वर्धनावर घेतलेली चित्रे, नमुन्याच्या निरनिराळ्या जागांवरून, सोबत ठेवावीत. गुठळ्या तिथेच दिसतात. त्याच्या जोडीला वितळलेल्या पदार्थाचे ऱ्हिऑलॉजी (वाहण्याच्या वर्तनाचे) मापन करावे असा माझा आग्रह असतो, कारण ते संपूर्ण नमुन्याबद्दल बोलते. शुद्ध पॉलिमरमध्ये कमी वारंवारितेला स्थितिस्थापक मॉड्युलस झपाट्याने घसरते. थर सुटे होऊन त्यांचे जाळे बनले असेल, तर तीच रेषा आडवी होऊ लागते. तुमच्या विभागात रिओमीटर असेल, तर टीईएमची वेळ मिळण्याची वाट पाहत थांबण्यापेक्षा आज हे करून घ्यावे.

आणखी एक साधी चाचणी आहे, जी अनेकजण वगळतात. ५ टक्के ऑर्गॅनोक्ले म्हणजे ५ टक्के क्ले नव्हे, कारण तिच्या वजनाचा ३० ते ४० टक्के भाग सेंद्रिय रेणूंचा असतो. नमुन्याचा तुकडा मफल फर्नेसमध्ये सुमारे ९०० अंशांना जाळून राखेचे वजन घेतले, की प्रत्यक्ष सिलिकेट किती आहे ते कळते, आणि ते बहुधा ३ ते ३.५ टक्के भरते. हॉपरमधून भुकटी नीट न सरकल्यास त्याहूनही कमी. पेपरांशी तुलना करताना कोण कुठल्या टक्क्यांबद्दल बोलतो आहे हे पाहिले नाही, तर सगळे आलेख चुकीच्या जागी उभे राहतात.

मिश्रणाबद्दल थोडे. ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर जास्तीत जास्त वेग आणि जास्तीत जास्त कातर (थर एकमेकांवरून घासत सरकवणारे बल) दिला की क्ले जास्त सुटी होईल, असा समज आहे. तसे होत नाही. कातराने गठ्ठे तुटतात, पण थर एकेक करून सोलून निघायला पॉलिमरला त्यांच्या मध्ये शिरण्यासाठी वेळ द्यावा लागतो. मध्यम तीव्रतेचे स्क्रू, पुरेसा निवासकाळ (पदार्थ यंत्रात राहण्याचा वेळ), आणि क्ले मुख्य हॉपरऐवजी पुढच्या भागात वितळलेल्या पॉलिमरमध्ये सोडणे, यांचा परिणाम बहुधा चांगला येतो. त्याहून चांगले म्हणजे क्ले आणि कॉम्पॅटिबिलायझर यांचा मास्टरबॅच (दाट मिश्रण) आधी करून मग तो पॉलिप्रॉपिलीनमध्ये उतरवणे.

इथे जरा विषयाच्या कडेने जातो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला हे खनिज परके नाही. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली विदर्भ-मराठवाड्यातली काळी रेगुर जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगते, ती माँटमोरिलोनाइटच्या कुळातल्या खनिजांमुळेच. थरांच्या मधल्या फटीत पाणी शिरते आणि निघून जाते. प्रयोगशाळेत आपण पाण्याच्या जागी पॉलिमर घालू पाहतो, एवढेच. अर्थात शेतातली माती उचलून कामाची क्ले मिळत नाही. औद्योगिक बेंटोनाइट आपल्याकडे मुख्यतः कच्छ आणि बाडमेर भागातून येते, आणि त्यातलेही क्वार्ट्झ आणि लोहाची संयुगे धुऊन काढल्याशिवाय ते पॉलिमरच्या उपयोगाचे नसते. लोह उरले तर पॉलिप्रॉपिलीनचे ऑक्सिडेशन वेगाने होते, आणि क्वार्ट्झचे खडे स्क्रू झिजवतात.

आता उद्योगाचा प्रश्न. केवळ कडकपणा हवा असेल, तर नॅनोकॉम्पोझिट काचतंतूंपुढे टिकत नाही. ३० टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉन-६ चे मॉड्युलस कोरड्या अवस्थेत ९ गिगापास्कलच्या पुढे असते आणि ते २०० अंशांपर्यंत भार सोसते. टोयोटाच्या संकराचे मॉड्युलस २ गिगापास्कलच्या आसपास होते. काचतंतू स्वस्त आहेत, त्यांचा पुरवठा भरवशाचा आहे, आणि कुठलाही मोल्डर ते रोज चालवतो. क्लेचा फायदा घनतेत आहे: काचतंतूंमुळे नायलॉनची घनता १.१४ वरून १.३६ पर्यंत जाते, क्लेमुळे ती जवळजवळ हलत नाही. जिथे टाल्कची जागा घेता येते तिथे हा फायदा कामी आला. जनरल मोटर्सने २००२ मध्ये सफारी आणि अ‍ॅस्ट्रो व्हॅनच्या पायरीसाठी आणि पुढे २००४ च्या शेव्हरोले इम्पालाच्या बाजूच्या पट्टीसाठी पॉलिओलेफिन-क्ले वापरली. पण ताकद आणि कडकपणा यांचे तक्ते छापून उद्योग आकर्षित होईल अशी आशा ज्यांनी धरली, त्यांचे प्रकल्प मागे पडले, आणि ते मागे पडणे रास्त होते.

भवितव्य आहे ते अशा ठिकाणी, जिथे कणांचा चपटा किंवा लांबट आकारच काम करतो. वायू आणि द्रावके अडवण्याचे काम त्यात सर्वांत सरळ आहे. पापुद्र्याला समांतर पडलेल्या थरांना वळसे घालत रेणूला पलीकडे जावे लागते, त्यामुळे त्याचा मार्ग लांबतो. नील्सन यांचे १९६७ चे सूत्र हिशोबाला सोपे आहे. आकारमानाने २ टक्के क्ले, म्हणजे नायलॉनमध्ये वजनाने साधारण साडेचार टक्के, आणि थराची रुंदी जाडीच्या १०० पट धरली, तर पारगम्यता मूळच्या सुमारे ४९ टक्क्यांवर येते. तेवढीच क्ले गठ्ठ्यांच्या स्वरूपात राहिली आणि रुंदी-जाडीचे गुणोत्तर १० वर अडकले, तर पारगम्यता ८९ टक्के उरते. क्ले तीच, खर्च तोच, आणि फायदा निम्म्यावरून दहा-अकरा टक्क्यांवर. थर सुटे होण्याचे महत्त्व इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही मोजमापात दिसत नाही. विल्सन कंपनीच्या डबल कोअर टेनिस चेंडूत हवा धरून ठेवण्यासाठी आतून ब्यूटाइल रबर आणि व्हर्मिक्युलाइट या चपट्या थरांच्या खनिजाचा लेप दिला जात असे, आणि बहुथरी पेट बाटल्यांच्या मधल्या थरात नायलॉन-क्ले वापरण्याचे प्रयत्नही बाजारापर्यंत पोहोचले.

विद्युतवाहकता हे दुसरे. प्लॅस्टिकमधून स्थिर विद्युत वाहून जावी यासाठी साधा कार्बन ब्लॅक १० ते २० टक्के घालावा लागतो, आणि तोवर पदार्थ ठिसूळ होतो. बहुभिंती कार्बन नॅनोट्यूब लांब असल्यामुळे साधारण १ ते ३ टक्क्यांतच एकमेकींना टेकून जाळे तयार करतात. मोटारींच्या इंधननळ्या आणि इलेक्ट्रॉनिक भागांचे ट्रे यांत हा वापर जुना आहे, आणि आज लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये त्याच कारणाने नॅनोट्यूब घालतात. आगीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. क्लेमुळे कोन कॅलरीमीटरवर (जळणाऱ्या नमुन्याची उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) उष्णता बाहेर पडण्याचा सर्वोच्च वेग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतो, कारण जळणाऱ्या पृष्ठभागावर सिलिकेट आणि कोळशाचा कवचासारखा थर जमतो. पण एकूण उष्णता तेवढीच राहते, आणि यूएल-९४ या ज्वलनशीलतेच्या मानकाची उभी चाचणी केवळ क्लेच्या बळावर उत्तीर्ण होत नाही. अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेटसारख्या अग्निरोधकाबरोबर, त्याचे प्रमाण कमी करण्यासाठी, केबलच्या आवरणात तिचा उपयोग रास्त आहे. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ पटलांत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण पॉलिअमाइडमध्ये बसवण्याची कल्पना २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून आली, पटलातून जाणारे पाणी जवळजवळ दुप्पट झाले, त्यावर नॅनोएचटूओ ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती एलजी केमने घेतली. दातांच्या फिलिंगमधले सिलिका-झिर्कोनियाचे नॅनोकण आणि टायरमधला सिलिका व सायलेन (सिलिका रबराशी बांधणारा रेणू) यांचा जोड ही तर रोजच्या वापरातली, यशस्वी नॅनोकॉम्पोझिट आहेत. ती गवगवा न होता चालतात म्हणून संशोधकांच्या नजरेतून सुटतात.

सुरक्षेबद्दल प्रत्येक विद्यार्थ्याला जे सांगतो ते इथेही सांगतो. पॉलिमरमध्ये अडकलेला कण सहसा बाहेर येत नाही. धोका आहे तो कोरडी भुकटी तोलताना, हॉपरमध्ये ओतताना आणि नमुने करवतीने कापताना. एका विशिष्ट प्रकारच्या ताठ बहुभिंती नॅनोट्यूबला, एमडब्ल्यूसीएनटी-७ ला, आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोगकारक असण्याच्या शक्यतेच्या २बी वर्गात ठेवले आहे, आणि अमेरिकेच्या निओश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने कार्बन नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम एवढी कमी आहे. क्लेच्या भुकटीत क्वार्ट्झ असते, त्यामुळे तिलाही निरुपद्रवी समजू नये. कापडी मास्क पुरत नाही. फ्यूम हूड आणि योग्य श्वसनसंरक्षक वापरावा. अन्नाच्या वेष्टणाचा विचार असेल, तर युरोपीय संघाच्या १०/२०११ क्रमांकाच्या नियमाखाली नॅनोरूपातल्या पदार्थाला स्वतंत्र, नावानिशी मान्यता लागते, हे विषय निवडतानाच ध्यानात घ्यावे.

तुमच्या उरलेल्या वर्षासाठी माझी सूचना अशी आहे. ताणबल वाढवण्याचा नाद सोडावा. आहे त्याच सामग्रीतून राख, ऱ्हिऑलॉजी आणि नियंत्रण नमुना ही तीन कामे आधी उरकावीत, आणि डीएससीवर (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) स्फटिकांचे प्रमाणही पाहून घ्यावे, कारण क्ले पॉलिप्रॉपिलीनच्या स्फटिकांना बीज पुरवते आणि मॉड्युलसची थोडीफार वाढ त्यातूनही येऊ शकते. नंतर द्रावक अडवण्याचा प्रश्न घ्यावा. आपल्याकडे झायलीनसारखी द्रावके असलेली कीटकनाशके बाटल्यांत भरली जातात, आणि ती झिरपू नयेत म्हणून नायलॉन किंवा ईव्हीओएच या झिरपणे अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा वेगळा थर घालावा लागतो. एकाच थराने ते काम कितपत होते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्यासाठी महागडे ऑक्सिजन पारगम्यता यंत्र लागत नाही. धातूच्या कपात झायलीन घेऊन तोंडावर ठरावीक जाडीचा दाबून केलेला पत्रा घट्ट बसवावा, कप ठरावीक तापमानाच्या, वायुवीजन असलेल्या कपाटात ठेवावा, आणि वजनातली घट स्थिर वेगाने होऊ लागेपर्यंत रोज तोलावा. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन, नियंत्रण नमुना, आणि क्लेची निदान तीन वेगवेगळी प्रमाणे घेतली, की नील्सनच्या सूत्रातून उलट हिशोब करून थरांचे परिणामी रुंदी-जाडी गुणोत्तर काढता येते. स्फटिकांच्या प्रमाणातला फरक आणि झायलीनमुळे पॉलिमर फुगणे या दोन गोष्टी हिशोबात धराव्यात, कारण मूळ सूत्र त्यांचा विचार करत नाही. निघालेले गुणोत्तर टीईएमच्या चित्रांवरून मोजलेल्या सरासरीशी ताडून पाहावे. ते पन्नासच्या वर गेले, तर तुमच्या हातात छापण्याजोगे आणि कारखान्याला दाखवण्याजोगे काम आहे. दहाच्या आसपास अडकले, तर मास्टरबॅच आणि एक्स्ट्रूडरचे तापमान यांच्याकडे परत जावे.